निळा रेनकोट

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेल्या मराठी आई-वडिलांच्या घरी एक फोटो हमखास असतो. अंगात निळा, पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट, डोक्यावर ओढलेलं टोपडं, चष्म्याच्या काचांवर तुषार आणि मागे नुसता पांढरा धूर. नायगारा. रेनकोटाखाली पैठणी आहे की पंजाबी ड्रेस, हे कळत नाही. पुण्याच्या घरातला फोटो नागपूरच्या घरात नेऊन लावला, तरी पाहुण्यांच्या ते चटकन लक्षात यायचं नाही. तरीही त्या फोटोत एक गोष्ट स्वच्छ वाचता येते. ती म्हणजे व्हिसा.

नायगारा दोन देशांच्या मधोमध आहे. अमेरिकन धबधब्याचं तोंड कॅनडाकडे आहे, आणि सगळ्यात मोठा, नालेच्या आकाराचा हॉर्सशू धबधबा बहुतांश कॅनडाच्या हद्दीत पडतो. कॅलेंडरावर दिसतो तो समोरून घेतलेला नायगारा कॅनडाच्या काठावरून टिपलेला असतो. मधला रेनबो ब्रिज पायी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. पण भारतीय पासपोर्टावर अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा घेऊन आलेल्या माणसाला पलीकडे जायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. तो काढायची यातायात सहसा कोणी करत नाही. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक फोटोंत धबधबा कडेने किंवा वरून दिसतो, नाहीतर बोटीतून घेतलेला धूरच धूर. ‘मेड ऑफ द मिस्ट’ नावाच्या बोटी १८४६पासून इथे प्रवाशांना भिजवत आल्या आहेत. २०१४पासून कॅनडाच्या बाजूची फेरी दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि तिने रेनकोट लाल केले. तेव्हापासून तर रंगावरूनच ओळखावं, कोण कुठल्या काठावरून बोटीत चढलं ते.

या शतकाच्या सुरुवातीला सासूबाई न्यू जर्सीत पार्सिपनीला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा आम्ही त्यांना नायगाऱ्याला नेलं. इथून ८० नंबरचा रस्ता धरायचा, डेलावेअर वॉटर गॅपचा डोंगर ओलांडायचा आणि पेनसिल्व्हेनियातून वर न्यूयॉर्क राज्यात शिरायचं. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी आणि कूलरमध्ये दहीभात. दुपारी धबधब्यापाशी उभ्या राहून त्यांनी पलीकडच्या उंच हॉटेलांकडे बोट दाखवलं.

“तिकडून जास्त चांगलं दिसतं का गं?”

“हो आई. पण तिकडे जाता नाही येत आपल्याला.”

त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तिकडचे लोक आत्ता आपल्याकडेच बघत असणार.”

मग त्यांनी पदर सारखा केला. नवऱ्याने फोटो घेतला तो त्या क्षणी. फोटोत त्या कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, पलीकडे पाहतात. साताऱ्याला ज्यांनी ज्यांनी तो फोटो पाहिला त्यांना वाटलं, वहिनी धबधबा बघण्यात अगदी रंगून गेल्यात. रेनकोट त्यांनी फेकू दिला नाही. पुढे बरीच वर्षं तो साताऱ्याच्या घरी पाण्याच्या मोटरीवर पांघरलेला असे.

फोटोमागची गोष्ट म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथे काय घडलं ती गोष्ट. मला ते अर्धंच वाटतं. तो फोटो कोणाला दाखवायचा म्हणून काढला, हे कळल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. प्रवासातल्या प्रत्येक फोटोला एक पत्ता असतो. सासूबाईंच्या फोटोचा पत्ता होता सातारा: थोरल्या जाऊबाई आणि भिशीतल्या बायका. तेव्हा औषधांच्या दुकानातल्या फोटो काउंटरवर रोल धुवायला देताना पाकिटावर एक चौकोन असे, ‘डबल प्रिंट’. त्यावर खूण केली की प्रत्येक फोटोच्या दोन प्रती मिळत. एक संच इथे राहायचा, दुसरा भारतात जायचा. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी ती खूण न विचारताच केली. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची, तीही अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. सात ऑगस्टचा फोटो पाहून जाऊबाईंनी फोनवर विचारलं होतं, “आठ जुलैला तर तुम्ही अजून मुंबईत होतात ना?”

त्याआधीच्या पिढीला फोटो पाठवणं इतकं सोपं नव्हतं. अमेरिकेच्या १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे इंजिनिअर आणि डॉक्टर इकडे आले, त्यांचा पत्रव्यवहार निळ्या एअरोग्रामवर चाले. स्वस्त आणि भरवशाचा. पण त्याच्या घडीत काही घालायची मनाई होती. फोटो धाडायचा तर जाड पाकीट आणि जास्तीची तिकिटं, किंवा मग भारतात जाणारं कोणीतरी गाठायचं. त्यामुळे कोणता फोटो पाठवायचा याचा विचार व्हायचा. जो जाई तो निवडून जाई.

माझा मामा त्या पिढीतला. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन इकडे आलेला. त्याचा एक फोटो आजोळी बाहेरच्या खोलीत कायम टांगलेला असायचा. वॉशिंग्टन, वसंत ऋतू, पाण्याच्या कडेने फुललेली चेरीची झाडं आणि त्यांच्याखाली सुटाबुटातला मामा, हात खिशात घालून उभा. मागे निळ्या शाईत लिहिलेलं: ‘वॉशिंग्टन, एप्रिल १९७५. हवा छान आहे.’ आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची. आमच्यासारख्या पोरासोरांसाठी अमेरिका म्हणजे तो फोटो होता: माणूस तिथे गेला की एप्रिलात सूट घालून फुलांखाली उभा राहतो.

मामा निवृत्त झाल्यावर एकदा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा त्या फोटोचा विषय निघाला. म्हणाला, “आदल्याच महिन्यात माझी नोकरी गेली होती.” ते मंदीचं वर्ष होतं. १९७५च्या मे महिन्यात अमेरिकेतली बेकारी नऊ टक्क्यांवर गेली होती. खोलीवर दिवसभर बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा तो रात्रीची बस पकडून वॉशिंग्टनला गेला. सूट घालून गेला कारण तिथल्या एका ऑफिसात मुलाखत मिळाली तर बघू, अशी आशा. मुलाखत झाली नाही. एका जपानी प्रवाशाच्या हातात कॅमेरा देऊन त्याने हा फोटो काढून घेतला आणि रात्रीच्या बसने परत आला.

“मग पाठवलास कशाला?” मी विचारलं.

“पत्रात काय लिहायचं ते सुचत नव्हतं,” मामा म्हणाला. “फोटो असला की पत्र दोन ओळींचं चालतं.”

सांगलीत सगळ्यांना वाटलं होतं, पोरगा फिरतोय, मजेत आहे. तो फिरत होता हे खरंच होतं. नोकरी असती तर गेलाच नसता.

फिरायला निघालेल्या साध्या माणसाच्या हाती कॅमेरा आला कसा, याचाही एक धागा आमच्या गावापासून निघतो. पार्सिपनीत ८० नंबरच्या रस्त्याला २८० फुटतो आणि पूर्वेला न्यूअर्क शहरात जातो. वाटेत वेस्ट ऑरेंजला एडिसनची प्रयोगशाळा आहे, तिथे शाळांच्या सहली जातात. पुढे न्यूअर्कमध्ये रस्त्याला अगदी खेटून एक जुनं दगडी घर उभं आहे, प्लूम हाउस. तिकडे कोणी वळत नाही. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या चर्चचा पाद्री हॅनिबल गुडविन तिथे राहत असे. मुलांना बायबलातल्या गोष्टी चित्रं दाखवून शिकवायची त्याला हौस होती. पण तेव्हा छायाचित्रं काचेवर घेतली जात. काच जड, आणि पडली की खळ्ळकन फुटणार. गुडविनने घरच्या घरी रसायनं ढवळून सेल्युलॉइडची पारदर्शक, गुंडाळता येणारी फिल्म तयार केली आणि १८८७मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट हाती पडायला १८९८ उजाडलं. मधल्या काळात ईस्टमनच्या कोडॅकने तशीच फिल्म बाजारात आणली होती. खटला चालला आणि १९१४मध्ये कोडॅकला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले. गुडविन तोवर राहिला नव्हता. तो १९००च्या अखेरच्या दिवशी वारला.

कोर्टकज्जापेक्षा मला त्याची मूळ गरज महत्त्वाची वाटते. जेरुसलेमला कधीच जाऊ न शकणाऱ्या न्यूअर्कच्या मुलांना ते दाखवायचं, हा त्याचा खटाटोप होता. ज्या गुंडाळीवर पुढे जगभरच्या सहली उतरल्या, तिचाही पत्ता घरी राहिलेल्यांचाच होता.

मराठी माणसाच्या अमेरिकेतल्या फोटोंपैकी सगळ्यात जास्त पाहिला गेलेला फोटो त्या पेटंटच्या अर्जाहूनही जुना आहे. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात १० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनबाईंनी स्वागतसमारंभ ठेवला होता. त्या वेळचा हा फोटो. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत: आनंदीबाई जोशी, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. रोजच्या वर्गात त्या अशा नटून बसत नसणार. बायकांना डॉक्टर करणारं हे कॉलेज १८५०मध्ये निघालं तेव्हापासून टीकेला तोंड देत आलं होतं. जगाच्या तीन टोकांहून मुली आपल्याकडे येतात, हे दाखवायला याहून बोलका पुरावा कुठून मिळणार! या फोटोचा पत्ता पुणे किंवा कल्याण नव्हता. तो अमेरिकेतच फिरायचा होता.

छापील प्रतीच्या तळाशी तिघींची नावं आहेत आणि प्रत्येक नावाआधी ‘डॉक्टर’. पण त्या दिवशी तिघींपैकी कोणीच डॉक्टर झालेली नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, ओकामीला १८८९मध्ये, इस्लामबूलीला १८९०मध्ये. म्हणजे ओळ मागाहून लिहिली, आणि लिहिणाऱ्याने पुढचं माहीत असल्यामुळे मागचं तसं करून टाकलं. आनंदीबाईंचं गाव म्हणून सेरामपूर घातलंय, तेही चुकीच्या स्पेलिंगने. त्यांचे पती गोपाळराव पोस्टखात्यात होते आणि आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांची नेमणूक बंगालात सेरामपूरला होती. फेब्रुवारी १८८३मध्ये तिथल्याच कॉलेजच्या सभागृहात उभं राहून आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो ते सांगितलं आणि एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसल्या. कागदोपत्री ज्या गावातून निघाल्या तेच त्यांचं गाव झालं. माझ्याही अमेरिकन कागदांवर जन्मगाव म्हणून मुंबई आहे. जन्म इस्पितळात झाला एवढाच माझा मुंबईशी संबंध.

फोटोत आनंदीबाईंचा चेहरा भरलेला दिसतो. पण याच काळात त्यांची तब्येत ढासळत होती. पदवीनंतर त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय एकवीस. दवाखाना चालवण्याची संधी मिळालीच नाही. तो फोटो पाहताना हे सगळं आपण त्यांच्या डोळ्यांत वाचतो. त्या दिवशी तिथे नुसती एक विद्यार्थिनी बसली होती, जिची शेवटच्या वर्षाची परीक्षा अजून व्हायची होती.

आनंदीबाई अमेरिकेत पहिल्यांदा राहिल्या त्या न्यू जर्सीतच, रोझेल गावी, थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी. दंतवैद्याकडे नंबरची वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि तिथून हे नातं सुरू झालं. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी या मावशीकडे पाठवल्या, आणि त्या न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरल्या आहेत.

सासूबाईंनी श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी वाचलेली होती. लिबर्टीचा पुतळा पाहून झाला, टाइम्स स्क्वेअर झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता मला आनंदीबाईंकडे न्या.” ‘आनंदीबाईंच्या समाधीपाशी’ असं म्हणाल्या नाहीत. आम्ही २८७ने वर जाऊन हडसन नदीच्या काठाने पकिप्सीला पोचलो. दफनभूमी मोठी, चढउताराची, जुन्या झाडांची. दगड सापडायला वेळ लागला. सासूबाईंनी पिशवीतून घरचं हळदीकुंकू काढलं, दगडाला बोट लावलं, आणि मग पंचाईत उभी राहिली ती फोटोची. फोटो तर हवाच. पण हसायचं की नाही? नायगाऱ्याला हसायचं हे ठरलेलं असतं. इथे दोन्ही हात जोडले तर देवळासारखं दिसणार, आणि नुसतं उभं राहिलं तर पोलिसांनी उभं केल्यासारखं.

कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंनी आपणहून विचारलं, तुमच्या सगळ्यांचा मिळून काढू का? कॅमेरा हातात घेताना त्यांनी दगडावरचं नाव वाचलं आणि विचारलं, ही तुमच्या नात्यातली का? मी सांगायला लागले की ही आमच्याकडची पहिली… तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या दंडाला धरून मराठीत सांगितलं, “हो म्हण. सगळं सांगत कुठे बसतेस.” मी हो म्हटलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळली आणि अगदी मन लावून दोन फोटो काढले. त्यात आम्ही सगळे परक्या घरी भेटायला गेलेल्या माणसांसारखे बसलो आहोत, गवतावर, दगडाच्या दोन्ही बाजूंना. हसणं-न हसणं जमून गेलंय. त्या फोटोचीही डबल प्रिंट साताऱ्याला गेली. पण सासूबाईंनी तो भिशीत फिरवला नाही, आपल्या पोथीत ठेवला.

आमच्या पार्सिपनीला मात्र कोणी फोटो काढायला येत नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. चार मोठे रस्ते एकमेकांना छेदतात असं हे गाव. हॉटेलं आहेत ती ऑफिसच्या कामाला येणाऱ्यांसाठी. मग पाहुण्यांचे कॅमेरे पाहिले तेव्हा कळलं, त्यांनी भरपूर काढले होते. मागच्या अंगणात आलेली हरणं. रस्त्याकाठची टपालपेटी, तिचं लाल निशाण वर केलेलं. ऑक्टोबरातलं मेपलचं झाड. नाशिकच्या आतेबहिणीच्या नवऱ्याने तर कचऱ्याची गाडी यांत्रिक हाताने डबा उचलून उलटा करते, त्याचा चांगला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतला होता. आमची लेक साताऱ्याला गेली की तेच करायची. न्हाणीघरातला तांब्याचा बंब, त्याखालच्या शेणी, माळ्यावर चढायची लाकडी शिडी. तिच्या अल्बमात ते घर सहलीच्या पानांवर आहे. नवऱ्याच्या जुन्या अल्बमात तोच बंब घरच्या पानांवर आहे, तोही मुंजीच्या फोटोत चुकून आलेला, कोपऱ्यात.

आणि पार्सिपनीही एके काळी सहलीचंच गाव होतं. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने इथे तळं करून आपल्या वाचकांना काठचे चिमुकले प्लॉट विकले. शहरातल्या उकाड्यातून सुटका म्हणून लोकांनी तिथे उन्हाळ्यापुरती लाकडी घरं बांधली. गावातल्याच लेक हायवाथा या वस्तीचीही गोष्ट थोडीफार तशीच. पुढे त्या घरांना भिंती चढल्या, हीटर बसले, लोक बारमाही राहू लागले, आणि आता त्यांतल्या काही घरांच्या दारांवर दिवाळीला आकाशकंदील लागतात. ब्रुकलिन-ब्राँक्सच्या कोणाच्या तरी माळ्यावर आमच्याच गल्लीचे फोटो पडलेले असतील: पोहायच्या कपड्यांतली मुलं, हातात मासा धरलेला बाप. त्यांच्या घरी ते सुट्टीचे फोटो. मी त्याच रस्त्याने रोज दूध आणायला जाते.

आता फोनने फोटो काढले की ते त्याच क्षणी कुटुंबाच्या ग्रुपवर जातात. एका अर्थी बरंच झालं. कोणाला पाठवायचा, कोणता पाठवायचा, हे ठरवण्यात जाणारा वेळ वाचला. फोन जागा आणि वेळ आपणहून नोंदवतो, तारखेचा घोळही होत नाही. पण सगळ्यांना एकदम पाठवलेला फोटो कोणा एकासाठी काढलेला राहत नाही. साताऱ्याहून अंगठा येतो, ह्यूस्टनहून हृदय येतं, कोणीतरी ‘मस्त’ लिहितं आणि तो वर सरकतो. फोटो कुठे काढला ते फोनला ठाऊक असतं. त्या दिवशी पुलापलीकडे का जाता आलं नाही, ते त्याला ठाऊक नसतं.

म्हणून हल्ली मी जुने फोटो काढून मामाला आणि सासूबाईंना विचारत असते. फोटोमागे शाईने लिहिलं की ती पुढे उतरते, म्हणून मऊ पेन्सिल वापरते. गाव आणि साल बहुधा लिहिलेलं असतंच. मी लिहिते ते वेगळं: कॅमेरा कोणाच्या हातात होता, फोटो कोणाकडे गेला, आणि त्या पत्रात काय लिहिलं नव्हतं. मामाच्या वॉशिंग्टनच्या फोटोमागे आता ‘हवा छान आहे’च्या खाली माझ्या अक्षरात नोकरीचंही आलंय. मामाने ते वाचलं आणि म्हणाला, “आईला हे कळलं असतं तर तिने मला परत बोलावलं असतं.” मग थोड्या वेळाने, “बरं झालं फोटो चांगला आला.”

या माहितीचा एक तोटा झाला आहे. मला आता कुठलाच फोटो सरळ बघता येत नाही. आमची लेक नोकरीनिमित्त कोलोरॅडोत असते. मागे तिने ग्रुपवर युटातल्या आर्चेस नॅशनल पार्कचा फोटो टाकला. लाल खडकाची प्रचंड कमान, संध्याकाळचं ऊन आणि कमानीखाली ती, एकटी, हात पसरून. पाच मिनिटांत सातारा, सांगली, ह्यूस्टन सगळीकडून कौतुक आलं. मी कॅलेंडर पाहिलं. बुधवार होता. तिला फोन लावला.

“मधल्या वारी सुट्टी कशी गं मिळाली तुला?”

पलीकडे जरा वेळ गेला.

“आई, फोटो आवडला की नाही ते सांग ना.”

“आवडला. सुट्टीचं सांग.”

मग आम्ही तासभर बोललो. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही.